राजदंड आणि लोकदृष्टी

राज्य म्हटले की दंड आला, आणि दंड म्हटला की तो हाती धरणारा शिपाई आला. आत्मसंरक्षणाचा मूळचा हक्क समाजाने बऱ्याच अंशी सोडून देऊन तो राज्यसंस्थेच्या हवाली केला, ही गोष्ट बहुतेक राजनीतिज्ञांस मान्य आहे. शिपायाने हे बळ केव्हा वापरावे, किती वापरावे, आणि अतिरेक झाल्यास त्याचा जाब कोणी विचारावा, याविषयीच्या विवेचनाने कायद्याचे ग्रंथ भरलेले आहेत. परंतु एका प्रश्नाचे उत्तर त्या ग्रंथांत शोधून सापडावयाचे नाही. शिपायाचा दंडुका कोणाच्या तरी पाठीवर पडताना पाहून बघणाऱ्यांच्या मनात काय येते? 'हा अन्याय झाला' असे येते, की 'बरी खोड मोडली' असे येते? आणि जे काही येते ते प्रहार किती कठोर होता यावरून ठरते, की तो झेलणाऱ्याचा वर्ण कोणता आणि तो पुरुष की स्त्री यावरून ठरते?

हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. लोकसत्ताक राज्यात शेवटचा न्यायाधीश लोकमत हाच असतो. ज्या प्रहाराने लोकमत खवळते त्याची चौकशी होते, त्याच्यापायी कायदे बदलतात, प्रसंगी मंत्रिमंडळेही डळमळतात. ज्या प्रहाराने ते खवळत नाही तो कितीही क्रूर असो, दप्तरात त्याची एक नोंद होते आणि ती तेथेच निजते. तेव्हा लोकांची दृष्टी कशी घडते हे पाहणे म्हणजे न्याय कोणाच्या वाट्यास येतो हेच पाहणे होय. या लेखात आम्ही त्यासाठी मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा, आणि त्यांतही आलाबामा संस्थानातील १९६३ ते १९६५ या तीन वर्षांचा इतिहास घेतला आहे. तेथील वर्णभेदाचा प्रश्न मराठी वाचकांस सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले होते. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी तेथील थोर कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस यांस पत्र लिहून, त्यांचे लोक संयुक्त राष्ट्रसंघापुढे जी दाद मागत होते तिची माहिती मागविली होती.

वर्ण आणि स्त्रीत्व ही दोन सूत्रे या इतिहासात एकमेकांत इतकी गुंतली आहेत, की प्रथम त्यांतील एक सुटे करून पाहणे सोयीचे होईल. त्यासाठी अमेरिकेत जाण्यापूर्वी वाचकांनी आमच्याबरोबर क्षणभर लंडनकडे वळावे. तेथे मारणारे व मार खाणाऱ्या बहुतेक एकाच वर्णाच्या होत्या. भेद होता तो केवळ स्त्रीपुरुषांचा.

१८ नोव्हेंबर १९१० रोजी, शुक्रवारी, स्त्रियांस मताधिकार देऊ पाहणारे विधेयक सरकारने बाजूस सारले, म्हणून सुमारे ३०० स्त्रिया लहान लहान तुकड्या करून पार्लमेंटकडे निघाल्या. त्यांत वृद्ध होत्या, प्रतिष्ठित घराण्यांतील होत्या, सुशिक्षित तर पुष्कळच होत्या. पोलिसांनी त्यांस पुढे जाऊ दिले नाही, आणि तत्काळ अटकही केली नाही. सुमारे सहा तास त्यांस ढकलणे, आपटणे, मुरगाळणे चालले होते. अखेर ११५ स्त्रिया व ४ पुरुष यांस पकडण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरील आरोप काढून घेण्यात आले. ब्रेल्सफर्ड नावाचे पत्रकार व जेसी मरे या विदुषी यांनी मागाहून १३५ जबान्या गोळा केल्या. त्यांपैकी २९ जबान्यांत शिपायांनी स्त्रियांच्या लज्जेवर हात टाकल्याची हकीकत होती. गृहमंत्री चर्चिल यांनी सार्वजनिक चौकशीस नकार दिला. 'डेली मिरर' पत्राने पहिल्या पानावर रस्त्यात कोसळलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र छापले, हे खरे. परंतु 'टाइम्स'च्या वृत्तांतात कोणा शिपायाची टोपी उडाली, कोणाच्या घोट्यास लाथ लागली, यांचीच मोजदाद काळजीपूर्वक केलेली आढळते.

ज्या देशात स्त्री आत येताच पुरुषाने उठून उभे राहावे असा शिष्टाचार होता, त्याच देशात हे कसे घडले? आमच्या मते यात विसंगती मुळीच नाही. तो मान स्त्रीच्या देहास नव्हता. तिने पाळावयाच्या मर्यादेस होता. उंबरठ्याच्या आत राहणारीस जे संरक्षण मिळे ते उंबरठा ओलांडताच संपे; आणि मग तिला जे भोगावे लागे ते तिने आपण होऊन ओढवून घेतले, असे सभ्य गृहस्थांसही वाटे. संरक्षण हे जर आज्ञाधारकपणाचे वेतन असेल, तर आज्ञा मोडणारीचे वेतन कापले गेले यात नवल कसले? एवढे ध्यानात ठेवून आता आपण अमेरिकेकडे वळू. तेथे अशा स्त्रिया होत्या की ज्यांस हे वेतन कधी लागूच झाले नव्हते.

१८२९ साली नॉर्थ कॅरोलिना संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एक खटला आला. मॅन नावाच्या इसमाने लिडिया नावाची एक गुलाम स्त्री भाड्याने घेतली होती. तो तिला काही किरकोळ अपराधाबद्दल शिक्षा करीत असता ती पळू लागली, तेव्हा त्याने पाठीमागून गोळी घालून तिला जखमी केले. खालच्या न्यायालयाने त्यास दोषी धरले होते. वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. गुलामाची आज्ञाधारकता पूर्ण व्हावयाची तर धन्याची सत्ताही अमर्याद असली पाहिजे, असा त्या निकालाचा भावार्थ होता. लिडिया स्त्री होती, ती पळत होती, तिच्या हाती शस्त्र नव्हते. यांपैकी एकही गोष्ट तिच्या उपयोगी पडली नाही. दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांवर पाळत ठेवणारी गस्तीपथके अठराव्या शतकाच्या आरंभापासून कायद्याने नेमली जात. वाटेत सापडलेल्या काळ्या माणसास थांबविणे, त्याच्या झोपडीची झडती घेणे, त्यास फटके मारणे हा त्यांचा अधिकार असे. त्या भागातील पोलिसांच्या परंपरेत या पथकांचा मोठा वाटा आहे, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे.

गुलामगिरी गेली, पण दृष्टी राहिली. किंबहुना तिला एक नवे बळ मिळाले. काळा पुरुष हा गोऱ्या स्त्रीच्या अब्रूस धोका आहे, अशी समजूत दक्षिणेत पसरविण्यात आली, आणि त्या नावाखाली जमावाने शेकडो काळ्या लोकांस फासावर लटकाविले. आयडा वेल्स या कृष्णवर्णीय संपादिकेने १८९२ साली हा आरोप बहुधा सबब असतो असे लिहिले, तेव्हा मेम्फिस शहरातील जमावाने तिच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. येणेप्रमाणे एकाच समाजात स्त्रीत्वाचे दोन भाव ठरले. गोऱ्या स्त्रीच्या नावाने दुसऱ्याचा प्राण घेता येई. काळ्या स्त्रीच्या नावाने साधी फिर्यादही उभी राहत नसे.

हा भेद किती खोल मुरला होता हे १९६३ साली आलाबामातील एका न्यायालयात घडलेल्या लहानशा प्रसंगावरून दिसेल. नागरी हक्कांच्या चळवळीत अटक झालेली मेरी हॅमिल्टन नावाची कार्यकर्ती साक्षीस उभी होती. सरकारी वकील गोऱ्या साक्षीदारांस आदरार्थी उपपद लावी. हिला मात्र त्याने नुसते 'मेरी' म्हणून हाक मारिली. आपणांस 'मिस हॅमिल्टन' असे संबोधल्याखेरीज आपण उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवसांची कैद व ५० डॉलर दंड ठोठावला. मार्च १९६४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. 'अरेतुरे' आणि 'अहोजाहो' यांत केवढे अंतर असते हे मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. जिला 'बाई' म्हणावयाचे नाही असे एकदा ठरले, तिच्यावर हात उगारताना बाईवर हात उगारल्याची लाज कोणास वाटावी?

त्याच १९६३ सालच्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले आणि त्यांवर पोलिसांचे कुत्रे व अग्निशामक दलाचे पाण्याचे फवारे सोडण्यात आले. एका पोरसवदा तरुणाच्या पोटावर कुत्रा झेप घेत आहे, हे छायाचित्र जगभर गाजले. ते पाहून उत्तरेकडील गोऱ्या वाचकांचे अंतःकरण द्रवले, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु मार्टिन बर्जर या कलेतिहासकाराने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे. चळवळीची असंख्य छायाचित्रे उपलब्ध असता गोऱ्यांच्या पत्रांनी पुनःपुन्हा छापली ती काळी माणसे असहाय, निश्चल, मार खाणारी दिसतील अशी. जेथे ती ताठ उभी होती, झटापट करीत होती, ती चित्रे मागे पडली. म्हणजे सहानुभूतीचीही एक अट होती. काळ्या माणसाने आधी निरुपद्रवी ठरावे, म्हणजे मग त्याच्या दुःखाकडे बघू!

ही अट स्त्रीस कशी लागू पडे हे १९६५ साली सेल्मा गावी दिसून आले. सेल्मा ज्या डॅलस परगण्यात आहे तेथे मतदानास योग्य वयाच्या काळ्या लोकांपैकी शेकडा २ च्या आसपास लोकांचीच नावे यादीत होती. नाव नोंदविण्यासाठी ते कचेरीसमोर रांग लावीत, आणि शेरीफ जिम क्लार्क व त्याचे शिपाई त्यांस हुसकावीत. १९ जानेवारी रोजी क्लार्कने अमेलिया बॉइंटन या प्रतिष्ठित बाईंस मानेजवळच्या कपड्यास धरून रस्त्यातून ढकलीत नेले; ते छायाचित्र देशभर गेले आणि शेरीफची नाचक्की झाली. सहाच दिवसांनी, २५ तारखेस, त्याच रांगेत अ‍ॅनी ली कूपर ही पन्नाशी उलटलेली स्त्री उभी होती. मतदार होण्याचा प्रयत्न केला म्हणून तिची नोकरी पूर्वीच गेली होती. क्लार्कने तिच्या मानेवर दंडुक्याने ढोसले. तिने उलट फिरून त्याच्या तोंडावर ठोसा लगावला आणि त्यास खाली पाडले. शिपायांनी तिला जमिनीवर दाबून धरले, आणि क्लार्कने दंडुका चालविला. हेही छायाचित्र छापून आले. परंतु या वेळी बातमीचा रोख पालटला होता. स्त्रीस तिघाचौघांनी धरून मारिले या गोष्टीबरोबर, किंबहुना तिच्या अगोदर, स्त्रीने शेरीफास मारिले ही गोष्ट आली. बॉइंटनबाई आणि कूपरबाई यांवर हात टाकणारा एकच होता, जागा एकच होती, दोघींचा अपराध मत मागणे हाच होता. भेद एवढाच की एकीने सहन केले आणि दुसरीने केले नाही.

पुढील घटनांनी या दृष्टीचे मोजमाप जणू तराजूत घालून दाखविले. १८ फेब्रुवारी रोजी जवळच्या मॅरियन गावी रात्रीचा मोर्चा निघाला असता रस्त्यावरील दिवे मालविण्यात आले आणि पोलीस लोकांवर तुटून पडले. जिमी ली जॅक्सन हा २६ वर्षांचा काळा तरुण आपल्या आईस व ८२ वर्षांच्या आजोबांस वाचवू पाहत होता. एका संस्थानी शिपायाने त्याच्या पोटात गोळी घातली. तो २६ तारखेस मरण पावला. त्याच्या मृत्यूचा निषेध म्हणूनच सेल्माहून राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जाण्याची कल्पना निघाली. ७ मार्च रोजी सुमारे ६०० स्त्रीपुरुष एडमंड पेटस पुलावरून निघाले. पलीकडे उभ्या असलेल्या पोलिसांनी परत फिरण्याचा हुकूम दिला आणि दिलेली मुदत संपण्यापूर्वीच दंडुके, अश्रुधूर व घोडेस्वार यांनिशी चाल केली. जॉन लुइस या तरुण पुढाऱ्याची कवटी फुटली. बॉइंटनबाई बेशुद्ध होऊन पडल्या. त्या रात्री एका दूरचित्रवाणी संस्थेने नाझी न्यायाधीशांवरील खटल्याचा चित्रपट मध्येच थांबवून हे दृश्य दाखविले, तेव्हा घरोघरी माणसे सुन्न झाली. त्या वर्षी झालेल्या एका जनमतचाचणीत शेकडा ४८ लोकांनी चळवळीचा आणि अवघ्या २१ लोकांनी आलाबामा सरकारचा पक्ष घेतला.

या विजयाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला तो या धक्क्यामुळेच. परंतु याच आठवड्यांतील दुसरी एक गोष्ट विसरता कामा नये. ९ मार्च रोजी जेम्स रीब या बोस्टनहून आलेल्या गोऱ्या धर्मोपदेशकास सेल्मा येथे गोऱ्या गुंडांनी मारिले, आणि तो ११ तारखेस वारला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच्या पत्नीस दूरध्वनी केला. १५ मार्च रोजी काँग्रेसपुढे केलेल्या प्रसिद्ध भाषणात त्यांनी त्याच्या मृत्यूचा आदराने निर्देश केला. जॅक्सनचा उल्लेख त्या भाषणात नव्हता. काळ्या कार्यकर्त्यांस हे शल्य लागून राहिले. गुंडाच्या हातून झालेल्या गोऱ्याच्या मृत्यूने राष्ट्र हळहळले. सरकारी शिपायाच्या गोळीने झालेल्या काळ्याच्या मृत्यूने ते तितके हलले नाही. जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या शिपायाने गुन्हा कबूल केला तो २०१० साली, म्हणजे ४५ वर्षांनी; आणि त्याची शिक्षा झाली सहा महिने.

मग गोरी स्त्री तरी या तराजूत जड भरली काय? व्हायोला लिउझो ही डेट्रॉइट शहरातील पाच मुलांची आई चळवळीस मदत करण्यासाठी सेल्मास आली होती. २५ मार्चच्या रात्री तिच्या मोटारीत एक काळा तरुण कार्यकर्ता बसला असता क्लॅन नावाच्या गुप्त संघटनेतील लोकांनी पाठलाग करून तिला गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांच्या मोटारीत मध्यवर्ती पोलीस खात्याचा, म्हणजे एफ. बी. आय.चा, एक पगारी खबऱ्या बसलेला होता. आता दक्षिणेच्या जुन्या हिशोबाप्रमाणे गोऱ्या स्त्रीच्या रक्ताने आकाशपाताळ एक व्हावयास हवे होते. घडले ते निराळे. त्या खात्याचा प्रमुख हूव्हर याने तिच्या चारित्र्याविषयी घाणेरड्या वावड्या पसरविल्या. एका विख्यात स्त्रियांच्या मासिकाने आपल्या वाचकवर्गाचे मत अजमावले, तेव्हा शेकडा ५५ स्त्रियांनी तिने घरीच राहावयास हवे होते असे सांगितले. लंडनमधील १९१० चा न्यायच येथे पुन्हा उभा राहिला. उंबरठा ओलांडणारी, आणि तोही काळ्या माणसाच्या बाजूने ओलांडणारी स्त्री गोरी असली तरी तिचे संरक्षण संपले. चोर सोडून संन्याशास सूळ, म्हणतात ते हेच.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आता प्रत्येकाच्या हाती छायाचित्रयंत्र आहे, सत्य लपावयाचे नाही. परंतु चित्र आपला अर्थ आपण सांगत नाही. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिस येथे पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या मोटारचालकास केलेली मारहाण एका रहिवाशाने चित्रित केली, आणि ती साऱ्या जगाने पाहिली. पुढील वर्षी खटल्यात शिपायांच्या वकिलांनी तीच चित्रफीत सावकाश, तुकड्यातुकड्यांनी दाखवून, जमिनीवर पडलेला मनुष्यच धोकादायक होता असे प्रतिपादिले. ज्या ज्यूरीत एकही काळा मनुष्य नव्हता तिने चारही शिपायांस जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले. त्या तुकडीच्या सार्जंटाने लिहिलेल्या आत्मकथनाचे हस्तलिखित त्याच सुमारास उजेडात आले. त्या रात्री तेथे एक स्त्री-शिपाईही हजर होती. किंगच्या अंगविक्षेपांमुळे तिला स्त्री या नात्याने भय वाटले असावे, असा अर्थ सार्जंटाने लाविला होता. आयडा वेल्सने १८९२ साली जे भूत ओळखले होते ते शंभर वर्षांनी पोलिसांच्या लेखणीतून पुन्हा बोलू लागले.

मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे हे भूत प्रयोगशाळेतही पकडले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, गुन्ह्याचा संशय असलेला मुलगा काळा असल्यास बघणारे त्याचे वय प्रत्यक्षाहून सरासरी चार वर्षांहून अधिक मोठे समजतात असे आढळले. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे काळ्या मुली अगदी पाच वर्षांच्या असल्यापासून गोऱ्या मुलींहून कमी निरागस, आणि मायेची व संरक्षणाची कमी गरज असलेल्या समजल्या जातात. लेकरास लेकरू म्हणून पाहण्याचीही जेथे दृष्टीस सवय नाही, तेथे शिपायाच्या बळाचा न्यायनिवाडा ती कसा करणार?

काळ्या पुरुषाचे दुःख उशिरा का होईना लोकांच्या डोळ्यांपुढे आले. काळी स्त्री मात्र त्याच्याही सावलीत झाकली गेली. १३ मार्च २०२० रोजी लुइव्हिल शहरात ब्रिओना टेलर ही तरुण स्त्री मध्यरात्रीनंतर पोलिसांनी घरात शिरून केलेल्या गोळीबारात मारली गेली. २५ मे रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याचा शिपायाच्या गुडघ्याखाली अंत झाला आणि सारा देश रस्त्यावर आला. तेव्हा कोठे तिचे नाव देशभर घेतले जाऊ लागले. 'तिचेही नाव घ्या' अशी मोहीम किंबर्ली क्रेनशॉ या कायदेपंडितेने आपल्या सहकाऱ्यांसह २०१४ पासूनच चालविली होती. वर्ण आणि स्त्रीत्व जेथे एकमेकांस छेदतात त्या ठिकाणचा अन्याय या दोहोंपैकी कोणत्याच एका दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही, हा सिद्धांत तिने १९८९ सालीच मांडला होता. त्याच २०२० साली गॅलप संस्थेच्या चाचणीत पोलिसांवर भरवसा असल्याचे शेकडा ५६ गोऱ्यांनी, आणि अवघ्या १९ काळ्यांनी सांगितले. एकाच देशाचे नागरिक एकाच गणवेशाकडे पाहतात. पण त्यांस दिसते ते एक नाही.

हे सर्व वाचून अमेरिकेविषयी नाक मुरडणे सोपे आहे. त्यापूर्वी वाचकांनी आपल्या महाराष्ट्रातील एक प्रकरण आठवावे. १९७२ सालच्या मार्च महिन्यात त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब, पोरक्या आदिवासी मुलीवर दोन शिपायांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींस सोडिले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडिले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, यास निकालात मोठे महत्त्व देण्यात आले होते. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. आमच्याकडे वर्णाच्या जागी जात व जमात आहे. तराजू तोच आहे. सेल्मा येथे अ‍ॅनी ली कूपरने हात उगारला म्हणून ती दोषी ठरली. देसाईगंज येथील मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या म्हणून तिची संमती गृहीत धरण्यात आली. प्रतिकार केला तर ती उद्दाम, न केला तर ती राजी. मग तिने करावे तरी काय?

या इतिहासाचा बोध आमच्या मते हाच आहे. लोकांची दया जागी होते ही चांगली गोष्ट आहे, आणि दयेने कायदे घडविले हेही खरे. परंतु दया पाहून पाहून वाटली जाते. मार खाणारा आपल्यासारखा दिसतो काय, तो पुरेसा दीन आहे काय, ती पुरेशी मर्यादशील आहे काय, असे शंभर प्रश्न विचारून मगच ती डोळे ओले करते. न्यायाने यांतील एकही प्रश्न विचारावयाचा नसतो. शिपायाने बळ वापरण्याचे कारण होते काय, आणि कारणाच्या प्रमाणात ते होते काय, हे दोनच प्रश्न त्याचे आहेत; आणि ते दंडुका धरणाऱ्यास विचारावयाचे आहेत, खालच्या माणसास नव्हेत.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याची कल्पना यासाठीच निघाली असावी. परंतु तिची पट्टी पुरेशी नाही, कारण निकाल बहुधा तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रस्त्यात, वर्तमानपत्रात आणि घराच्या ओसरीवर लागून गेलेला असतो. तेथे न्यायाधीश आपणच असतो. पोलिसांनी कोणास मारिले ही बातमी वाचताच 'कोण होता?', 'कोण होती?' हा प्रश्न आपल्या ओठांवर आधी येतो. तो थोडा वेळ आवरून 'का मारिले?' हे आधी विचारण्याची सवय सुशिक्षित घराघरांतून लागली, तर हजार कायद्यांनी होणार नाही एवढे काम तिने होईल.